संतोषाने देणारी, पण पाच महिने पेंडिंग

मंगळवारी सकाळी ऑफिसला निघताना सहज मेल बघितला आणि एक बूट पायात, एक हातात अशी तशीच बसून राहिले. इथल्या, परदेशातल्या, आमच्या मंडळीच्या म्हणजे चर्चच्या खजिनदारबाईंचा मेल होता, जेमतेम पाच ओळींचा. तुम्ही वर्षाच्या सुरुवातीला कार्डावर दर महिन्याला इतकं इतकं देईन असं लिहिलं होतं, पहिले तीन महिने आले, पुढचे पाच आलेले नाहीत. परिस्थिती बदलली असेल तर नुसतं कळवा, आकडा कमी करू, कारण विचारणार नाही. चुकून राहिलं असेल तर ही फक्त आठवण समजा. खाली त्यांचं नाव आणि तुमच्यासाठी प्रार्थना करतो वगैरे.

आता तुम्ही म्हणाल यात राग येण्यासारखं काय आहे. मला आला. भयंकर आला. दिवसभर ऑफिसात काम करताना मी मनातल्या मनात त्या बाईंशी भांडत होते. देवाला द्यायचं त्याची पण थकबाकी काढता? हे काय लाइटचं बिल आहे? आणि ती दर रविवारी माझ्याशी किती गोड हसून बोलते, म्हणजे हसताना हिला आठवत असणार ना, की हिचे पाच महिने बाकी आहेत! मागच्याच रविवारी मुलाच्या परीक्षेची चौकशी केली होती तिने. ते हसणं सगळं मी मेल वाचल्यावर परत एकदा तपासून पाहिलं.

आपल्याकडे असं कोणी विचारत नाही हो. आणि आपले लोक कमी देतात का? कोणी आजारी आहे असं नुसतं कानावर आलं तरी उपासना संपायच्या आत पैसे जमतात, कोणी कार्ड भरत नाही, कोणी सही करत नाही. इथे आधी फॉर्म, मग आकडा, मग वर्षभराचं गणित, आणि मग आठवणीचा मेल. अर्पणाच्या वेळी पवित्र आत्म्याला बोलायला काही जागा ठेवली आहे की नाही यांनी, असंही मी नवऱ्याला संध्याकाळी म्हणाले. तो म्हणाला, "पवित्र आत्मा तुला मार्चपासून काहीच बोलला नाही का?" त्याच्याशी मी नंतर बोलले नाही.

कार्डाचं काय झालं ते सांगते. जानेवारीत उपासनेनंतर सगळ्यांना वाटली होती. दूरच्या एका देशात लहानसा दवाखाना आहे, तिथल्या एका नर्सचा वर्षाचा पगार ही मंडळी भरते. सगळी कार्डं गोळा करून बेरीज करतात आणि त्या बेरजेवर दवाखान्याला कळवतात की हो, या वर्षी नर्स ठेवा. मी त्या दिवशी फार भरून आले होते, प्रार्थनेत डोळ्यात पाणी वगैरे, आणि आकडा लिहिला तो मनात आला होता त्यापेक्षा थोडा वरचाच लिहिला. घरी येऊन कार्डाचा अर्धा भाग फ्रिजवर चुंबकाने लावला, ऑटो-डेबिट करूया म्हटलं, केलं नाही, तीन महिने हाताने पाठवले. मग त्या चुंबकाखाली मुलाच्या शाळेचं वेळापत्रक आलं. कार्ड अजूनही तिथेच आहे, वेळापत्रकाच्या मागे. म्हणजे बुडवायचं असं काही मनात नव्हतं. खरंच नव्हतं.

तर रात्री उत्तर लिहायला बसले. उत्तरात वचन घालायचं ठरवलं होतं, आणि बायबलातलं वचन पाठच होतं, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं, करिंथकरांस दुसरं पत्र, 9:7. प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने किंवा देणं भाग पडतं म्हणून देऊ नये, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. म्हटलं घ्या! मेल पाठवणं म्हणजे भाग पाडणंच की. शब्द चुकायला नकोत म्हणून शास्त्र उघडलं, आणि नजर सातव्या ओवीवर जायच्या ऐवजी जरा वर गेली.

वर पौल चक्क वसुलीला माणसं पाठवतोय.

इतक्या वेळा ऐकलंय हे वचन, अर्पणाची थैली फिरायच्या आधी तेच तर वाचतात, पण त्याच्या आधीच्या पाच ओव्या कधी थैलीसोबत फिरल्या नाहीत. मग मी आठवा आणि नववा अध्याय सबंध वाचले, मेल तसाच अर्धा. प्रकरण असं आहे की यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणी गोळा करत होता. करिंथकरांना पहिल्या पत्रातच सांगून ठेवलेलं, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने जमेल तसं बाजूला काढून ठेवा, मी आल्यावर धावपळ नको. (म्हणजे ऑटो-डेबिटच की!) करिंथकर उत्साहात हो म्हणाले. सर्वांच्या आधी तेच हो म्हणाले. आणि दुसरं पत्र लिहिलं, साधारण इ.स. 55-56 च्या सुमारास, तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं आणि काम अर्धवटच. पौल 8:11 मध्ये सरळ सांगतो की इच्छा करण्यात जशी तत्परता होती तशी आता ते पुरं करण्यातही असू द्या.

आणि युक्ती बघा माणसाची. उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतातल्या मंडळ्यांना जाऊन सांगितलं, अखयातले म्हणजे करिंथकडचे गेल्या वर्षापासून तयार आहेत, बघा तुम्ही. ते बिचारे स्वतः हलाखीत, तरी ऐपतीच्या बाहेर दिलं, वर आम्हालाही यात भाग घेऊ द्या म्हणून गळ घातली. मग इकडे करिंथकरांना लिहिलं, मासेदोनियावाले बघा कसे देतात. दोन भावंडांना एकमेकांची उदाहरणं देऊन अभ्यासाला बसवणारी आई असते ना, अगदी तसं. आणि शेवटी, मी तुमची फुशारकी मारून बसलोय, उद्या माझ्याबरोबर मासेदोनियातलं कोणी आलं आणि तुम्ही तयार नसलात तर आमची फजिती होईल, तुमची म्हणत नाही मी, आमची. म्हणून विश्वासातल्या भावांना पुढे पाठवतोय. हे वाचून मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण खजिनदारबाईंच्या मेलमध्ये यातलं निम्मंही नव्हतं. तिने मला कोणाचं उदाहरण दिलं नव्हतं. उलट परिस्थिती बदलली असेल तर आकडा कमी करू म्हणाली, आणि ते पण त्याच पत्रात आहे, 8:12, असेल त्याप्रमाणे मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही.

आणखी एक. पौल एकटा पैसे उचलून निघाला नाही. आपल्या सहकारी तीताबरोबर आणखी दोन भाऊ पाठवले, आणि कारणही लिहून ठेवलं, एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी आमच्यावर बोट ठेवू नये म्हणून, नुसतं प्रभूच्या नाही तर माणसांच्याही नजरेत चोख असावं म्हणून. इथे दर रविवारी दोन माणसं एकत्र बसून थैली मोजतात, दोघं सह्या करतात, वर्षाच्या शेवटी कागद भिंतीवर लागतो. त्याचं मला पहिल्यापासून कौतुक होतं, मी घरी फोनवर सांगायचे पण. त्यांचा चोखपणा त्यांच्यापुरता असला की मला आवडतो, असं दिसतंय.

करिंथकरांनी शेवटी दिले बरं का. रोमकरांच्या पत्रात, 15:26, पौल सांगतो की मासेदोनिया आणि अखया यांनी खुशीने वर्गणी दिली. खुशीने. वर्षभर रेंगाळून, तीन माणसं दारात आल्यावर दिली, तरी खुशीनेच लिहिलंय, आणि बहुतेक अभ्यासक म्हणतात की ते पत्र त्याने करिंथात बसूनच लिहिलं.

यानंतर मी मामांना फोन केला. का केला माहीत नाही, म्हणजे माहितीये. मामा आमच्या तिकडच्या मंडळीचे कित्येक वर्षं खजिनदार होते. त्यांची एक लांबट वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. कोणी सभेत उभं राहून अमुक देईन म्हणालं की मामा ते पेन्सिलीने लिहायचे, आणि पैसे हातात आले की त्याच अक्षरांवरून पेन फिरवायचे. वर्षाच्या शेवटी जे पेन्सिलीतच राहिलं ते खोडरबराने पुसून टाकायचे. लहानपणी मला ते खोडायला द्यायचे, कागद फाटेल, हलक्या हाताने खोड म्हणायचे.

मी विचारलं, "मामा, तुम्ही कधी कोणाला आठवण का नाही केली?"

"अगं, माणूस देवासमोर बोललेला असतो, मी मध्ये कोण? आणि विचारलं की रविवारी यायचा बंद होतो."

"मग कमी पडायचे ते?"

"भागायचं."

बघा, हेच मी म्हणत होते, आपल्याकडे कसं सांभाळून घेतात. हे इथल्या लोकांना नाही कळणार. असं मनात चालू असतानाच मला ते आठवलं, खरं तर ते मंगळवार सकाळपासूनच आठवत होतं. इकडे यायच्या आधी निरोपाच्या प्रार्थनेला मी उभी राहून म्हणाले होते की मंडळीतल्या त्या मुलीच्या कॉलेजची फी मी भरीन, तिन्ही वर्षं. पहिल्या वर्षी पाठवली. दुसऱ्या वर्षी आम्ही घर बदललं, डिपॉझिट, मुलाचं अ‍ॅडमिशन, सगळं एकदम आलं, परक्या देशात नवीन संसार लावायचा म्हणजे काय असतं ते तिथे बसून नाही कळत. कोणी आठवण केली नाही. मुलगी पास होऊन नोकरीला लागून पण दोन वर्षं झाली.

"मामा, त्या फीचं माझं... वहीत पुसलंत का?"

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही गं. तुझं शाईत आहे."

"तिन्ही वर्षं?"

"तिन्ही."

मामांची पेन्शन किती आहे ते मला माहितीये.

खजिनदारबाईंना मी त्याच रात्री राहिलेले पाच महिने पाठवले, ऑटो-डेबिट चालू केलं, आणि पुढचा आकडा थोडा कमी करा असंही लिहिलं, परिस्थिती तशी काही बदललेली नाही, पण जानेवारीत मी भरात येऊन जास्त लिहिला होता हे खरंच आहे. कारण समजावायला तीन परिच्छेद लिहिले होते ते काढून टाकले. सकाळी उत्तर आलं, "मिळाले, आकडा बदलला, धन्यवाद." बस. एवढंच. इतकं साधं उत्तर आल्यावर मला परत थोडा राग आलाच.

मामांना म्हटलं, अकाउंट नंबर पाठवा. ते म्हणाले, "पाठवतो गं, काय घाई आहे." याला आता अकरा दिवस झाले. त्यांनी पाठवलेला नाही, आणि मीही परत विचारलेलं नाही.