एका शब्दाने दार उघडलं

दोन महिने संत्र्याच्या फळगळीवरचं संशोधन शोधत होते. हाती धड काही लागेना. वाटायचं, यावर कोणी लिहिलंच नसेल.

आज विद्यापीठाच्या ग्रंथालयात माहिती शोधण्याचं प्रशिक्षण होतं. मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या, स्क्रीन बघितली. "अगं, नुसतं ऑरेंज कशाला टाकतेस? आपला नागपुरी संत्रा म्हणजे मँडरिन. त्याचं शास्त्रीय नाव टाक, सिट्रस रेटिक्युलाटा." मग 'फ्रूट ड्रॉप' अवतरणचिन्हांत लिहायला लावलं, म्हणजे दोन्ही शब्द सलगच शोधले जातात. त्या नावाच्या आणि याच्या मध्ये 'अँड', म्हणजे दोन्ही असलेलंच समोर येतं. आणि यादी उघडली! माझे हात थांबलेच. मग शोधगंगा या संकेतस्थळावर गेलो. तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध मोफत वाचता येतात, हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. प्रबंध हातात आला की आधी मागची संदर्भसूची वाचायची, तिथूनच पुढची वाट सापडते, हेही मॅडमनीच सांगितलं.

आमच्या काटोलच्या बागेत आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलांची फळं गळायची. लिंबाएवढी, हिरवीगार. आई ती टोपल्यात भरायची, बाबा बांधावर गप्प उभे असायचे.

पहिला प्रबंध डाउनलोड झाला आणि आधी बाबांना फोन लावला.