तुम्ही विचारलंत म्हणून: 42 सामन्यांच्या माणसाचं एवढं काय?

अमेरिकेतल्या टोलिडोत राहायला आल्यापासून हा प्रश्न मला जेवणाच्या पंगतीत, गाडीत, एकदा तर अंत्यविधीहून परतताना विचारला गेलाय. "जॅकी रॉबिन्सनचं समजतं हो, पण हा फ्लीट वॉकर कशाला?" आता एकदाच सांगतो.

बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवरची, म्हणजे मेजर लीगमधली, रंगाची भिंत 1947 मध्ये मोडणारा कृष्णवर्णीय रॉबिन्सन तुम्हाला पाठ आहे, तो सोडतो. वॉकर त्याच्या 63 वर्षं आधी, 1884 साली, याच गावाच्या संघाकडून मेजर लीग खेळला. कृष्णवर्णीय, कॉलेजात शिकलेला, जागा कॅचरची, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याची. 42 सामने, फलंदाजीची सरासरी .263. जुलैत बरगडी मोडली, मोसम संपायच्या आत संघानं सोडलं. रॉबिन्सनच्या पाठीवरचा आकडाही 42. यावर मी पूर्वी भाषणांत टाळ्या घ्यायचो. आता लाज वाटते, योगायोगच तो.

मी शाळेत कीपर होतो. करंगळी अजून वाकडी आहे, आणि मला ग्लोव्ह्ज तरी होते. त्या काळी कॅचर जवळजवळ उघड्या हातांनी चेंडू झेलत. आधार एकच: कुठला चेंडू हवा याची खूण कॅचर करतो, म्हणजे काय येतंय ते त्याला आधी कळतं. टोलिडोचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टोनी मलेन. संघाच्या 46 विजयांपैकी 36 त्याचे. 35 वर्षांनी त्यानं स्वतःच सांगितलं की वॉकरइतका चांगला कॅचर मला मिळाला नाही, पण काळ्या माणसाचा मला तिटकारा होता, म्हणून त्याच्या खुणा न बघता मनाला येईल तो चेंडू टाकायचो. एकदा वॉकरनं वळणाऱ्या चेंडूची खूण केली, यानं वेगात सरळ सोडला. वॉकर चालत त्याच्यापाशी गेला. म्हणाला, खुणा नकोत तर नकोत, तसंही झेलीन. पण मी खूण केल्यावर उलटं टाकणार असशील तर झेलणार नाही. उरलेला मोसमभर काय येणार हे माहीत नसताना तो झेलत राहिला.

समोरच्या संघाचं सोडा हो. हा आपलाच पिचर!

मी इतकी वर्षं सगळं पाप शिकागो संघाच्या कर्णधारावर, कॅप अॅन्सनवर टाकत आलो. 1883 मध्ये वॉकर असेल तर खेळणार नाही म्हणून तो अडून बसला, आणि तिकिटांच्या पैशांवर पाणी सोडावं लागेल म्हटल्यावर मुकाट खेळला. सांगायला सोपा खलनायक. 'पहिला कृष्णवर्णीय' हेही मी ठासून सांगायचो. 1879 मध्ये विल्यम व्हाइट एक सामना खेळून गेलेला, पण तो गोरा म्हणून वावरला, असं म्हणून वाद मिटवायचो. मिटत नाही तो.

आणि एक गोष्ट भाषणात कायम गाळली. 1908 मध्ये वॉकरनं पुस्तिका लिहिली: काळे-गोरे इथे एकत्र नांदणार नाहीत, काळ्यांनी आफ्रिकेत जावं. तो चुकला, असं मी म्हणतो. अजूनही म्हणतो. मलेनचं बोलणं वाचल्यापासून जरा हळू आवाजात.