मगरीच्या घरट्याचं तापमान: बडोद्यातल्या विश्वामित्री नदीकाठच्या नोंदी, जानेवारी ते जून

मंडळी, यंदाच्या हंगामाच्या नोंदी एकदम टाकतोय. ज्यांना फक्त ‘किती दिसल्या’ एवढंच हवंय त्यांची निराशा होईल, कारण या वर्षी मोजणी मुद्दाम मागे ठेवली.

जानेवारीत काळ्या घोड्याच्या पुलावरून मगरी भरपूर दिसतात, मे महिन्यात नावाला. त्या कुठे गेलेल्या नसतात. थंडीत ऊन वर आलं की काठावर येऊन पसरतात. एप्रिलपासून सकाळी थोडा वेळ बाहेर, मग पाण्यात किंवा काठातल्या बिळात. पुलावरून दिवसा केलेल्या मोजणीत मगरींपेक्षा हवामानच जास्त मोजलं जातं. रात्री टॉर्चच्या झोतात चमकणाऱ्या डोळ्यांवरून होते ती गणना भरवशाची, पण ती वनखात्याच्या सोबतीनेच करायची.

म्हणून यंदा लक्ष काठाकडे. आपली मगर खड्डा करून अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, पाण्यापासून जरा वर, उताराच्या मातीत हातभर खोल. एका वेळी पंचवीस-तीस अंडी. पिल्लं बाहेर येतात ती पावसाच्या तोंडावर. आतून पिल्लांचा आवाज आला की आई माती उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. आता गंमत अशी, की अंड्यात नर होणार की मादी, हे जन्मजात ठरलेलं नसतं. ते मातीची ऊब ठरवते. मद्रास क्रोकोडाइल बँकेत, म्हणजे रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी 1976 साली उभारलेल्या मगर-संवर्धन केंद्रात, अंडी ठरावीक तापमानाला उबवून पाहिली होती. 31 अंशांपर्यंत सगळ्या माद्या, 32.5 च्या आसपास नर, आणि त्याहून थोडं वर गेलं की पुन्हा माद्याही. म्हणजे सगळा खेळ एक-दोन अंशांचा. निर्णय होतो तो उबवणीच्या मधल्या काळात, बडोद्यात तो नेमका एप्रिल-मेच्या भट्टीत येतो. उन्हाळे असेच तापत गेले तर काय होईल, याचं उत्तर त्यामुळे सरळ नाही. उघड्या काठावरचं घरटं एकीकडे झुकेल, सावलीतलं दुसरीकडे.

घरट्याला हात लावायचा प्रश्नच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आई जवळपासच असते हेही विसरू नये! मी माशांच्या टाकीसाठी मिळतो तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणला, दोन नग. नदीपासून लांब, एका मित्राच्या शेतात, तशाच गाळाच्या मातीत हातभर खोल पुरले. एक उघड्यावर, एक कडुनिंबाखाली. पहिलं लक्षात आलं ते हे, की एवढ्या खोलीवर दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ मिटतो. वर माती दुपारी पायाला चटके देते, खाली आकडा ढिम्म. तो हलतो आठवड्याच्या चालीने. सावलीतला खड्डा उघड्यापेक्षा सतत गार राहिला, फरक दोन-तीन अंशांचा. मधे एकदा मावठं झालं तेव्हा उघड्या खड्ड्याचा आकडा उतरला आणि पुढे कितीतरी दिवस जागेवर आला नाही. मला ही नोंद सगळ्यात मोलाची वाटते. अवकाळी पाऊस म्हटलं की आपण आंब्याचा आणि गव्हाचा विचार करतो.

थर्मामीटर स्वस्तातले असल्याने पुरण्याआधी दोन्ही एकाच तांब्यातल्या पाण्यात ठेवून ताडून घेतले. तुम्हीही घ्या.

आता थोडं वादाचं. 5 जूनला पर्यावरण दिन. आमच्या भागातल्या उत्साही मंडळींनी नदीच्या उतारावर रोपं लावायचं ठरवलं. खड्डे कुठे? नेमके तिथे, जिथे अंड्यांतून पिल्लं बाहेर पडायची वेळ झालेली. बैठकीत एक काका वैतागले, “अहो, झाडं लावायलाही तुमची हरकत?” हरकत झाडांना नव्हती, जागेला आणि तारखेला होती. मी थर्मामीटरच्या दोन्ही खड्ड्यांचा तक्ता पुढे ठेवला आणि सांगितलं, काठावर ऊनही हवं आणि सावलीही. सगळा उतार झाडांनी भरला तर मगरीला निवड उरत नाही. एका काकूंनी मध्यस्थी केली: रोपं उताराच्या वर, रस्त्याकडेला, आणि तीही दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. एवढ्यावर जमलं. उतारावरून मात्र प्लास्टिक गोळा केलं, वरवरचं, कुदळ न लावता.

हवामानबदल म्हटलं की सगळ्यांना रोप हातात घ्यावंसं वाटतं. माझं मत विचाराल तर बडोद्यात त्याआधी कच्चा काठ जपायला हवा. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्त्यांत शिरल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात पात्र खोल-रुंद करायचं काम निघालं. पुराचं पाणी वाहून जायला हवं हे कबूल, पण दगड-काँक्रीटच्या उतारात मगर अंड्यांसाठी खड्डा कसा करणार?

पुढच्या हंगामासाठी एक विनंती. सांगलीकडे कृष्णेकाठी आणि चिपळुणात वाशिष्ठीकाठी मगरी आहेत, पण माती आणि उन्हाळा वेगळा. तिथल्या कुणी नदीपासून दूर असे दोन थर्मामीटर पुरले, एक उन्हात आणि एक सावलीत, तर मार्च ते जूनचे आकडे शेजारी शेजारी मांडता येतील. खोली हातभरच ठेवा आणि आकडा रोज एकाच वेळी घ्या. माझा वहीतला तक्ता हवा असेल तर कळवा.