आमची वाटचाल : बिलावरची तारीख

खिळे, म्हणजे धातूची सुटी उलटी अक्षरे, ओळीत जुळवण्याची माझ्या वडिलांची पट्टी, कंपोझिंग स्टिक, आजही आमच्या छापखान्याच्या काउंटरच्या खणात आहे. १९६८ साली त्यांनी कराडमध्ये एक जुने ट्रेडल मशीन घेऊन काम सुरू केले. डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने केसमधला, म्हणजे कप्प्यांच्या पेटीतला, खिळा उचलताना त्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली, की खिळा सुलट आहे हे न पाहता कळत असे. खिळ्यांत शिसे असते, म्हणून जेवणाच्या सुटीआधी दहा मिनिटे जुळाऱ्यांनी, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांनी, साबणाने हात धुवायचे, आणि त्या दहा मिनिटांचा पगार कापायचा नाही, हा वडिलांचा नियम होता. समाजकार्य हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

१९९५ च्या सुमारास आमच्या समोरच्या छापखान्याने संगणक आणले, खिळे भंगाराच्या भावाने विकले आणि जुळाऱ्यांना ऐन दिवाळीच्या तोंडावर घरी बसवले. आमच्याकडे पाच जुळारी होते. दोघे संगणकावर श्रीलिपी या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरवर टंकन शिकले, दोघे बांधणीकडे गेले आणि एकाला आम्ही मुद्रितशोधनाला बसवले, कारण ज्याने तीस वर्षे उलटी अक्षरे वाचली, त्याच्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घ सहसा सुटत नाही. या शिकण्यात वर्ष गेले. तेवढ्यात समोरच्यांनी दर पाडले आणि लग्नपत्रिकांचे सलग तीन हंगाम आमच्या हातून गेले. ‘तुम्ही काळाबरोबर चालला नाहीत’ असे गावातल्या जाणत्या माणसांनी मला तोंडावर ऐकवले. ते आजही लागते, कारण त्या पाचांपैकी प्रत्येक जण आमच्याकडूनच निवृत्त झाला.

पण खरा घाव २०१६ चा आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. अशाच एका कंपनीने गरीब विद्यार्थ्यांना वाटण्यासाठी साठ हजार वह्यांचे काम आम्हाला दिले. शाळा उघडण्यापूर्वी माल हवा होता, म्हणून कागद उधारीवर उचलला, दोन पाळ्या लावल्या. रेघांची छपाई, घडी, पिना, कटाई असे सारे करून ८ जूनला शेवटचा टेम्पो रवाना केला. वह्या वाटल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. आमचे नऊ लाखांचे बिल मात्र अकरा महिने त्यांच्या टेबलावर पडून राहिले. कधी सही करणारे साहेब रजेवर असत, तर कधी माल पोहोचवल्याच्या चलनाची (डिलिव्हरी चलन) प्रत सापडत नसे. कागदवाल्यांनी उधारी बंद केली, मशीनचे दोन हप्ते थकले आणि दिवाळीचा बोनस देण्यासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. दिवाळीनंतर आठवडाभरातच नोटाबंदी आली.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ पासून आहे. त्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर पंधरा दिवसांत, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. थकलेल्या बिलाची तक्रार याच कायद्याखाली नेमलेल्या परिषदेकडे करता येते, हे मला माहीत होते. पुढचे काम जाईल या भीतीने मी केली नाही. मे महिन्यात मुद्दल मिळाले, व्याजाचा एक रुपयाही मिळाला नाही, आणि पुढचे काम तरीही गेले.

त्या दिवसांत आम्हाला तारले ते एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांनी, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. संस्थेची पासबुके आणि पावतीपुस्तके वडिलांच्या काळापासून आमच्याकडे छापली जातात. अण्णा चहा घेताना म्हणाले, “आमच्याकडं दूध घालणाऱ्याला दर दहा दिवसांनी बिल मिळतं, मग पासबुक छापणाऱ्यानं वर्षभर का थांबायचं?” संचालक मंडळाचा ठराव करून त्यांनी वर्षभराच्या कामाचे पैसे आगाऊ दिले. त्यातून कागदवाल्यांचे अर्धे देणे फिटले.

नवीन धंदा करणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की लहान उद्योगांसाठी असलेली सरकारी ‘उद्यम’ नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवा, चलनावर घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या, आणि मोठ्या नावाला भुलून तोंडी ऑर्डरवर कागद कापू नका. ज्यांच्याकडे सामाजिक निधी आहे, त्यांनी वह्या वाटण्यापूर्वी वह्या करणाऱ्याचे पैसे द्यावेत. त्या पैशांतून दहा-बारा घरांचा किराणा भरला जातो. २०२३-२४ पासून आयकर कायद्यात आलेल्या तरतुदीमुळे (तेव्हाचे कलम ४३बी(एच)) लहान उद्योगांची वेळेत न दिलेली रक्कम माल घेणाऱ्याला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. हे आधी झाले असते, तर त्या पाटल्या घराबाहेर गेल्या नसत्या.

आमच्याकडून कागदवाल्यांच्या बिलाचे पैसे आता तिसाव्या दिवशी जातात आणि पगार सात तारखेला होतो. अण्णा निवृत्त झाले आहेत. यंदाची पासबुके मी स्वतः पोहोचवली, तेव्हा नव्या सचिवांनी गठ्ठे मोजून घेतले आणि तिथेच चेक लिहिला.