एकदाच गायलेलं गाणं

लिटा रोझा हे नाव निघालं की तिचं एकच गाणं आठवलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९२६ साली लिव्हरपूलमध्ये जन्मलेली ही गायिका कोवळ्या वयातच रंगमंचावर आली आणि १९५० मध्ये टेड हीथ यांच्या नावाजलेल्या बँडमध्ये दाखल झाली. डिकी व्हॅलेंटाइन आणि डेनिस लोटिस हे तिथले तिचे सहगायक. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनच्या त्या दणदणीत ताफ्यापुढे आवाज न चढवता शब्दन्‌शब्द स्पष्ट पोहोचवणं सोपं नव्हतं. संथ प्रेमगीतांत तिचा किंचित खर्जातला, उबदार स्वर ऐकला की तिची तयारी कळते.

१९५३ मध्ये डेक्का कंपनीच्या आग्रहाखातर तिने ‘हाऊ मच इज दॅट डॉगी इन द विंडो’ हे अमेरिकेत पॅटी पेजने गाजवलेलं गाणं ध्वनिमुद्रित केलं. दुकानाच्या काचेआडच्या कुत्र्याच्या पिल्लाची किंमत विचारणारं ते बालिश गाणं तिला मुळीच आवडलं नव्हतं. पुन्हा कधीही गाणार नाही, असं बजावून ती एकदाच गायली, आणि नेमकं तेच त्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिलं आलं. हा मान मिळवणारी ती पहिली ब्रिटिश एकल गायिका. तरीही तिने शब्द पाळला, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढच्याच वर्षी बँड सोडून ती स्वतंत्रपणे गाऊ लागली. २००८ मध्ये तिचं निधन झालं.