पोकळ वाहकाच्या आतली सुरक्षितता

ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १२ फूट लांब, रुंद आणि उंच अशी लाकडी चौकट उभारून, तारा व धातूचा वर्ख लावून ती वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारी, केली. जमिनीपासून अलग ठेवलेली ही खोली विद्युतयंत्राने भारित केली जात असताना, म्हणजे तिला विद्युतभार दिला जात असताना, पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतमापी घेऊन ते स्वतः आत राहिले. बाहेरच्या पृष्ठभागावरून ठिणग्या उडत होत्या, आत मात्र एकाही उपकरणावर काही परिणाम दिसला नाही.

समान विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे वाहकाला दिलेला भार बाहेरच्या पृष्ठभागावर जाऊन स्थिरावतो आणि आतल्या पोकळीत विद्युतक्षेत्र उरत नाही. इथे एक गोष्ट अनेकदा निसटते, ती म्हणजे फॅरडे यांचे शरीरही त्या खोलीइतक्याच उच्च विभवावर (व्होल्टेजवर) होते. धक्का बसतो तो शरीराच्या दोन भागांत विभवांतर, म्हणजे विभवातला फरक, निर्माण होऊन त्यातून प्रवाह वाहिला तरच, आणि आत ते विभवांतरच नव्हते. त्यांनी भिंतीला हात लावून बाहेर जमिनीवर पाय ठेवला असता, तर साठलेला भार त्यांच्या शरीरातूनच जमिनीत गेला असता.

धातूच्या बंद मोटारीवर वीज पडली तरी आतले लोक सहसा वाचतात, ते याच कारणाने. त्याचे श्रेय रबरी टायरना देणे मला चुकीचे वाटते, कारण ढगापासून इतके अंतर हवेतून कापून आलेल्या विजेला टायरची ती जाडी अडवू शकत नाही. प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जातो. काचा मात्र बंद हव्यात आणि धातूच्या भागांना हात लागता कामा नये. ताडपत्रीच्या टपाची रिक्षा, ट्रॅक्टर किंवा शेतातली चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड यांत हे संरक्षण मिळत नाही, आणि मराठवाडा-विदर्भात वळवाच्या पावसात माणसे नेमकी अशाच शेडखाली थांबतात.

गाडीवर विजेची तार तुटून पडली, तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत आतच बसावे. गाडीने पेट घेतला, तरच दोन्ही पाय जुळवून, गाडीला कुठेही स्पर्श न करता बाहेर उडी मारावी आणि पाय न उचलता, जवळजवळ ठेवून सरकत दूर जावे, कारण तारेभोवतीच्या जमिनीतही विभव अंतरानुसार बदलत असते आणि लांब टाकलेल्या पावलात दोन पायांमधले विभवांतर जीवघेणे ठरू शकते.