फ्रायबुर्गच्या मैत्रिणी का टिकल्या नाहीत?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. साताऱ्यात माझ्याकडे जर्मन शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, लग्नकार्यात भेटणाऱ्या माम्या-मावश्या विचारतात, आणि परवा एका विद्यार्थिनीनेही विचारले: वर्षभर जर्मनीतल्या फ्रायबुर्गला तिथल्या लोकांच्या घरात राहिलात, त्यांच्याच शाळेत गेलात, मग तिकडची एकही मैत्रीण आज संपर्कात कशी नाही? मी तोंड उघडण्याआधीच बहुतेक जण उत्तरही देऊन टाकतात की, ते लोक थंडच असतात. गेली दहा-बारा वर्षे मी या वाक्याला मान डोलावत आले आहे. ते सोपे होते, आणि त्यात माझ्याकडे कोणताच दोष येत नव्हता.

त्या मुली थंड नव्हत्या, हे आधी स्पष्ट करते. २०१२च्या सप्टेंबरमध्ये, शाळेच्या पहिल्याच आठवड्यात, माझ्या बाकावरची शेजारीण मला जुने गाव दाखवायला घेऊन गेली. फ्रायबुर्गच्या रस्त्यांच्या कडेने हातभर रुंदीचे दगडी पाट वाहतात. त्यांना तिथे ‘बेश्ले’ म्हणतात, आणि ज्याचा पाय चुकून त्यात पडेल त्याचे लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होते, अशी तिथली समजूत आहे. तिने मला ही समजूत सांगितली आणि लगेच बुटांसकट पाटात उडी मारून, माझाही हात धरून ओढले. ऑक्टोबरमध्ये तिच्या घरचे मला शाउइन्सलांडच्या डोंगरावर घेऊन गेले. तिथे जाणारा दोरावरचा पाळणा (रोपवे) १९३०पासून चालू आहे आणि साडेतीन किलोमीटरहून अधिक लांब आहे. खाली सगळे खोरे धुक्यात बुडालेले होते आणि वर लख्ख ऊन होते. दक्षिणेला आल्प्सची पांढरी कड दिसत होती. डोंगराच्या नावाचा अर्थच ‘मुलखाकडे बघ’ असा आहे, हे तिने मला तिथे उभे राहून समजावले. माझे तिकीट तिच्या वडिलांनी काढले होते. त्याबद्दल मला दिवसभर संकोच वाटत राहिला आणि मी तो कोणालाही सांगितला नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीची सुरुवात तिथेच झाली असावी.

भेटी वहीत लिहून ठरवण्याची त्यांची पद्धत मला जड गेली, हेही खरे आहे. दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी दुपारी ३ वाजता भेटायचे, हे आज ठरवायचे आणि त्या दिवशी ठीक ३ वाजता हजर राहायचे. आमच्या आळीत मैत्रिणीला खिडकीखालून हाक मारली की ती चप्पल घालत खाली येत असे. शिवाय ओळखीच्या माणसाला त्यांच्याकडे ‘बेकांटे’ हा वेगळा शब्द आहे आणि मैत्रिणीला ‘फ्रॉयंडिन’ हा वेगळा. एका शब्दातून दुसऱ्यात जायला त्यांना बराच वेळ लागतो, पण एकदा गेलेली व्यक्ती सहसा मागे येत नाही. डिसेंबरमध्ये माझ्या शेजारणीने आपल्या आजीशी माझी ओळख करून देताना ‘माझी फ्रॉयंडिन’ असे म्हटले. तो दिवस मी रोजनिशीत लाल शाईने लिहून ठेवला आहे.

आता फेब्रुवारी २०१३. तिचा सतरावा वाढदिवस होता आणि फेल्डबेर्गच्या डोंगराजवळ बर्फातल्या एका लाकडी घरात दोन रात्री राहायचे ठरले होते. तिने मला तीन आठवडे आधी विचारले. प्रत्येकीने ४० युरो भरायचे होते. त्या वेळच्या दराने ते जवळजवळ २,९०० रुपये होत होते. मला पाठवण्यासाठी बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढले होते, आणि महिन्याच्या खर्चाला मिळणारे पैसे मी बूट आणि कोट घेण्यात संपवले होते. मी तिला ‘माल शाउएन’ असे उत्तर दिले. हा वाक्प्रचार शिकले तेव्हा मला मोठा आनंद झाला होता, कारण तो शब्दशः आपला ‘बघू’ आहे. आठवड्याने तिने पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. मी मात्र मनाशी ‘येणार’ असे ठरवून टाकले होते, कारण मी ज्या घरी राहात होते, त्या घरच्या आईंना चार दिवस घरकामात मदत केल्यावर त्यांनी मला ५० युरोची नोट दिली. पैसे हातात आल्यावर तिला तसे कळवायला हवे, हे माझ्या डोक्यातच आले नाही. आपल्याकडे ‘बघू’ म्हणणारा माणूस दारात उभा राहिला तर त्याला कोणी कारण विचारत नाही.

शुक्रवारी मी आशियाई दुकानातून डाळीचे पीठ आणले, लोण्याचे तूप कढवले आणि रात्री बेसनाचे लाडू वळले. पीठ भाजल्याचा वास जिन्यापर्यंत गेला होता. बिस्किटांच्या एका निळ्या पत्र्याच्या डब्यात कागद घालून त्यात २४ लाडू बसवले, आणि शनिवारी सकाळी पाठीवर सामान घेऊन मुख्य स्टेशनवर गेले. त्या सगळ्याजणी फलाटावर होत्या. मला पाहून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे बघून पडला. ती म्हणाली, “पण तू हो म्हणालीच नव्हतीस.” तिथे ११ पलंग होते, अकराजणी ठरल्या होत्या, आणि घरमालकाशी तसा लेखी करार झाला होता. तिचे शब्द रागाचे नव्हते. ती गोंधळून गेली होती, आणि इतर दहाजणी गप्प उभ्या होत्या.

मी हसून म्हणाले की मी राहायला आलेच नाही, फक्त वाढदिवसाची भेट द्यायला आले आहे, आणि लाडवांचा डबा तिच्या हातात दिला. पिशवीत काय आहे असे एकीने विचारले, त्यावर ग्रंथालयाची पुस्तके आहेत असे मी सांगितले. तेवढ्यात लाल रंगाची दुमजली गाडी आली. ती गाडी आधी हिमेलराइश या स्टेशनवरून जाते, ज्याचा अर्थ स्वर्गाचे राज्य, आणि लगेच पुढे होलेन्टालमध्ये, म्हणजे नरकाच्या दरीत शिरते. ही गंमत शेजारणीनेच मला टिटीझे तळ्यावर जाताना सांगितली होती. ती दारात उभी राहून डबा छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. दार बंद झाले. मी घरी लगेच जाऊ शकत नव्हते, म्हणून महिन्याच्या पासावर संध्याकाळपर्यंत ट्रामच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिले.

एक सतरंजी टाकायला काय लागले असते, हा प्रश्न मला आजही पडतो. आमच्या घरी बारावी मुलगी आली असती तर दोघींच्या मध्ये झोपली असती, आणि कराराचे बोलणे सकाळी चहाबरोबर झाले असते. परत आल्यावर कॉलेजच्या वार्षिक अंकात मी याच मुद्द्यावर लेख लिहिला. तिकडे मैत्रीसुद्धा खाटा मोजून होते, असे त्यात एक वाक्य होते आणि ते सर्वांना फार आवडले. ते वाक्य लिहिणाऱ्या मुलीला आज मी विचारते की तू त्या लेखात ४० युरोंचा उल्लेख का केला नाहीस? तीन आठवड्यांत एकदाही ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ असे का म्हणाली नाहीस? त्यावर ती म्हणते की बाबांच्या कर्जाची गोष्ट परक्या मुलीला सांगायची नसते. मग तू तिला मैत्रीण म्हणत होतीस की परकी, असे मी विचारते, आणि इथे आमचे दोघींचे बोलणे थांबते. सतरंजीबद्दल ती मुलगी चुकली होती, असे मात्र मला अजूनही वाटत नाही.

यापुढचे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. मंगळवारी शेजारणीने डबा परत आणून दिला. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी तिला कधीतरी दिवाळीत सांगितले होते आणि तिने ते लक्षात ठेवले होते. डबा घासून पुसलेला होता, त्यात तिच्या आजीच्या झाडाचे अक्रोड होते आणि तळाशी तीन पानी पत्र होते. लाडू अकराजणींनी दोन-दोन खाल्ले आणि उरलेले दोन तिने आजीसाठी नेले, असे त्यात लिहिले होते. शनिवारी रात्री तिला झोप लागली नव्हती. तू फक्त हो किंवा नाही म्हण, मी जमिनीवरसुद्धा झोपले असते, असे शेवटचे वाक्य होते. त्यानंतर मार्चमध्ये तिने मला सीमेपलीकडे फ्रान्समधल्या कोल्मारला यायचे का म्हणून विचारले आणि मेमध्ये नदीकाठी सायकलवर. मी दोन्ही वेळा अगदी स्पष्ट ‘नाही’ म्हणाले. ते उत्तर तिनेच मला शिकवले आहे, असे त्या वेळी मला वाटत होते. जुलैमध्ये निघताना ती स्टेशनवर आली होती. मी सामान मोजत राहिले.

तेव्हा मैत्रिणी टिकल्या नाहीत, असे तुम्ही म्हणता त्यात इतर दहाजणींपुरते तथ्य आहे. त्या ओळखीच्याच होत्या आणि काळाप्रमाणे दूर गेल्या. एकीला मात्र मी टिकू दिले नाही. निळा डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे, त्यात मी रवा ठेवते. पत्राचे उत्तर आजवर तीनदा लिहायला घेतले. तीनही वेळा पहिले पान नीट झाले, आणि पैशांचे वाक्य आले तिथे मी थांबले.